नाना, फ्रेममध्ये येताय

नाताळची सुट्टी लागली की आमच्या घरात माळ्यावरचा थर्माकोल खाली यायचा. यंदा तो कुणी काढला नाही. मी स्वेटरची पिशवी ओढायला स्टुलावर चढलो, तर पिशवीबरोबर तो आपणहून घसरला आणि माझ्या खांद्यावर पडला. वजन असं काहीच नाही. फ्रिजच्या खोक्यातून आलेला तुकडा, दोन हात लांब, एक कोपरा उंदराने कुरतडलेला, मधोमध तडा गेला होता तिथे नानांनी चिकटपट्टी लावलेली. पट्टी सरळ रेषेत होती. नानांचं सगळंच सरळ रेषेत असायचं.

"काय पडलं रे?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

नाना म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मी नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मला फोटोचं वेड आहे आणि त्या वेडाला वर्षातून एकच हक्काचा आठवडा मिळतो, तो डिसेंबरअखेरचा. गेली बारा वर्षं त्या आठवड्यात मी जुनी गाडी काढून जिल्हाभर हिंडलो आणि बाराही वर्षं नाना माझ्याबरोबर होते. त्यांचं काम थर्माकोल धरायचं. हिवाळ्यात ऊन तिरकं येतं. माणसाचा एक गाल उजळतो, दुसरा काळाठिक्कर पडतो. त्या काळ्या बाजूला कुणी पांढरं काही धरलं, तर ऊन त्यावर आपटून परत येतं आणि चेहऱ्यात जीव येतो. एवढंच शास्त्र. नानांना ते पहिल्याच दिवशी कळलं. कानटोपी, मफलर आणि तपकिरी लोकरी हातमोजे घालून ते उभे राहायचे आणि समोरच्याला सांगायचे, "डोळे मिटू नका. ऊन मी धरलंय."

जानेवारीच्या शेवटी, सकाळी दाढी करता करता ते गेले. अर्ध्या गालावर साबण होता. तो मी पुसला. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी दिवस घालवले, मग महिने घालवले. अजून आलेलं नाही. पहाटेच्या गारठ्यात कॅमेऱ्याचा धातू धरून धरून बोटं बधीर होतात, तेव्हा बटण दाबलं गेलं की नाही हे कानाला कळतं, बोटाला कळत नाही. तसं काहीसं चाललंय.

महिन्यावर वर्षश्राद्ध आलं आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर नानांचा जो फोटो आहे, तो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी बँकेने नवा फोटो मागितला, म्हणून ते घाईघाईत चौकातल्या स्टुडिओत जाऊन आले. टोपी काढायला लावली, केस पाणी लावून बसवले, मागे निळा पडदा. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून काढलेला तो पासपोर्ट फोटो आम्ही मोठा करून घेतला आणि त्याला हार घातला. मोठा केल्यावर तो फाटला, म्हणजे चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. डोळे असे, की कुणीतरी मागून हाक मारली आहे.

आईला तो फोटो आवडत नाही. "असे कुठे दिसायचे ते?" ती म्हणते. "वर्षश्राद्धाला तरी नीट एक लाव. जसे होते तसे."

आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. माझ्या कपाटात दोन हार्ड डिस्क भरून फोटो आहेत. काष्टीच्या बाजारातले बैल आहेत, जामखेडकडची ज्वारी आहे, उसाच्या ट्रॅक्टरवर गाठोड्यांसकट बसलेली बायामाणसं आहेत. नाना नाहीत. लग्नकार्यातले जे आहेत त्यात ते कडेला, अर्धे कापलेले, नाहीतर वाढपी होऊन पंगतीत वाकलेले. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. माझ्याकडे चांगला होता, पण त्यात बैल होते.

आणि आईला वाटतं की हे नानांच्या हट्टापायी झालं. ती रोज सकाळी हार बदलताना त्या फोटोला बोलते. "मुलगा कॅमेरा घेऊन शेजारी उभा, अन् तुम्ही नको म्हणालात. काय मिळवलंत?" मी तेव्हा पेपर वाचत असतो. पेपर वाचत नसतो.

आईला जे वाटतं ते खरं नाही. खरं काय घडलं ते माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही. ते सांगण्याचं धैर्य मला अकरा महिन्यांत झालेलं नाही.

शनिशिंगणापूरची एक सकाळ आठवते. देवळाच्या गर्दीपासून लांब, मळ्याच्या वाटेवर एक घर होतं. दाराच्या जागी नुसती चौकट, कवाड नाही. आत चुलीचा धूर आणि धुरातून आलेली उन्हाची पट्टी. मला ती रिकामी चौकट हवी होती. नाना थर्माकोल घेऊन चौकटीपाशी उभे राहिले. घरची बाई आतून म्हणाली, "बाबा, आत या की. दार न्हाई तर वाट कुनाची बघताय?" नाना हसले आणि एक पाऊल आत टाकलं.

मी ओरडलो, "नाना, मागे सरका. फ्रेममध्ये येताय!"

ते लगेच मागे सरले.

बारा वर्षांत मी माझ्या वडिलांशी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य हेच असावं. नगरजवळच्या एका खेड्यात नाताळच्या आदल्या दिवशी एका ख्रिस्ती घराच्या ओसरीवर कागदी चांदणी टांगली होती आणि खाली दोघी जावा करंज्या लाटत होत्या. आमच्यासारखेच पाट, तसंच पीठ, तशीच एकमेकींची टिंगल. "हिच्या करंजीचं तोंड हिच्यासारखंच, कधी मिटत नाही," असं थोरली म्हणाली आणि नाना खळखळून हसले. त्यांचा हात हलला. "नाना, फ्रेममध्ये येताय." जामखेडच्या पुढे, ज्वारी निसवून कणसं बाहेर आली होती तिथे, माळरानावर वारा असा की थर्माकोल पतंगासारखा उडायला बघायचा. नाना तो छातीशी धरून वाऱ्याला पाठ देऊन उभे. समोर गोफण घेतलेली म्हातारी. "नाना, टोपी दिसतेय. खाली वाका." वय पंचाहत्तर. ते वाकले. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला होता. मी तोपर्यंत फोकस लावत होतो.

कधी कधी हात राहायचाच. थर्माकोलचा कोपरा आणि त्याला धरलेली बोटं. संध्याकाळी कॉम्प्युटरवर मी ती कड कापून टाकायचो. नाना शेजारी खुर्ची घेऊन बसलेले असायचे. "हे काढ," तेच दाखवायचे. "हे माझं बोट आलंय बघ."

काष्टीचा बाजार शनिवारी भरतो. जनावरांच्या दावणी, टेम्पोंच्या रांगा, रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव बोलणारी माणसं, धूळ. गेल्या डिसेंबरातला तो शनिवार. कासरे, दावी, घुंगुरमाळा विकणारी एक बाई बसली होती, कौसाबाई. कपाळावर मोठं आडवं गोंदण. मी कॅमेरा दाखवून म्हणालो, "मावशी, तुमचा एक फोटो घेतो."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घेतो?"

"हो. घेऊ ना?"

"घेतोस ते घे. देनार कवा?"

शेजारचा घुंगरू घासणारा म्हातारा फसकन हसला. नानांना तर इतकं आवडलं ते, की त्यांनी थर्माकोल खाली ठेवला आणि टाळी दिल्यासारखा हात वर केला. "बरोबर विचारलंत मावशी! आमच्या वेळी फोटो काढायचे. ही पोरं आता घ्यायला लागलीत." मग मला म्हणाले, "घेतो म्हणालास की द्यायची जबाबदारी येते."

ती जबाबदारी खरं तर त्यांनी केव्हाच स्वतःकडे घेतली होती. ज्याचा फोटो काढू त्याचं नाव, गाव, कुणाच्या घराशेजारी, हे सगळं ते खिशातल्या वहीत लिहून घेत. घरी आलो की माझ्या मागे लागून प्रती काढून आणत, मागे पुठ्ठा घालून पाकिटात भरत, आणि कचेरीच्या त्या गोलसर अक्षरात पत्ते घालून पोस्टात टाकत. कितीतरी घरांच्या भिंतींवर आज माणसं उजळ चेहऱ्याने बसली आहेत, ती त्यामुळे. मी विसरलो असतो. मी फक्त घेतलं.

कौसाबाईचा फोटो झाला. ऊन कलायला लागलं होतं. नाना घुटमळले. मग म्हणाले, "आता माझा एक काढ की. इथेच, बाजारात."

त्यांनी थर्माकोल एका टेम्पोच्या चाकाला टेकवला. मफलर सारखा केला. कानटोपी काढावी की ठेवावी, असं करून ठेवली. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे.

मी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाना, उजेड गेला. पुढच्या वेळी काढू."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी थर्माकोल उचलला.

का म्हणालो तसं? खूप वेळा विचार केला. मोठं कारण काही सापडत नाही. लेन्स बदलावी लागली असती. ते ताठ उभे राहिले होते आणि मला ताठ उभी राहिलेली माणसं आवडत नाहीत. रोज पाहतो तो चेहरा. रोज समोर असणाऱ्या माणसाचा फोटो काय काढायचा, तो आहेच की घरी. असलं काहीतरी. इतकं किरकोळ.

परत निघालो तर दावणीच्या टोकाला पांढऱ्या खिलारी बैलांची जोडी दिसली. पायांखालची धूळ उन्हात सोन्यासारखी. मी धावलो. "नाना, इकडे! उजव्या अंगाला!" आणि नाना आले. त्यांनी थर्माकोल धरला आणि बैलांच्या काळ्या पडलेल्या बाजूवर ऊन पाडलं.

कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ नोंदवतो. नाना गेल्यावर मी ती तपासली. कौसाबाईचा शेवटचा फोटो आणि बैलांचा पहिला फोटो यांत सहा मिनिटांचं अंतर आहे. त्या सहा मिनिटांत माझे वडील टेम्पोपाशी उभे राहिले, त्यांनी मफलर सारखा केला, आणि ते पुन्हा चालू लागले. त्यानंतर बैलांचे फोटो एकामागून एक आहेत. उजेड होता. बराच वेळ होता. नानांनीच धरला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने चहा देता देता विचारलं होतं, "तुमचा काढला का एखादा ह्याने?"

मी कप तोंडाला लावला होता. नाना म्हणाले, "मीच नको म्हटलं. आता म्हाताऱ्याचा काय काढायचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहा पीत राहिलो. साखर थोडी जास्त झाली होती, हेसुद्धा आठवतं.

थर्माकोल खांद्यावर पडला त्याच दिवशी मी नानांचं टेबल आवरलं. खणात एक पाकीट मिळालं. पत्ता पूर्ण लिहिलेला. कौसाबाई, कासरेवाल्या, जनावरांचा बाजार, मुक्काम काष्टी. तिकीट लावायचं राहिलं होतं. आत प्रत आणि पुठ्ठा. मी शनिवारची वाट पाहिली आणि गेलो. थर्माकोल गाडीत टाकला होता. कशासाठी, ते माहीत नाही. मागच्या सीटवर तो वळणावळणाला कुरकुरत होता.

कौसाबाई त्याच जागी बसली होती. मी पाकीट पुढे केलं. तिने फोटो काढून हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला.

"वर्साचं येतंय होय रं टपाल?" ती म्हणाली. "मी म्हनलं, ह्यो बी घेऊन पळाला." मग पुन्हा बघितलं. "झाक काढलाय पन. मी येवढी गोरी कवा झाले?"

"ऊन पडलं होतं तुमच्यावर."

"ते बाबांनी पाडल्तं. पत्रा धरनारं बाबा कुठं हायती? गाडीत बसलं का?"

"बाबा गेले मावशी. जानेवारीत."

तिने फोटो मांडीवर पालथा ठेवला. "आरं देवा," एवढंच म्हणाली. मागे कुणीतरी बैलाला हुसकत होतं. तिने समोरची एक घुंगुरमाळ उचलून परत जागेवर ठेवली. मग म्हणाली, "लई ग्वाड मानूस. मला म्हनले, डोळं मिटू नगा, ऊन मी धरलंय. असं कुनी म्हनलं न्हवतं कवा." पदराने नाक पुसून ती पुढे झुकली. "तेंचा फुटू हाय का तुज्याजवळ? दाव की. बघू दे."

माझ्या फोनमध्ये भिंतीवरचाच फोटो होता. मी तो दाखवला. निळा पडदा, बसवलेले केस.

तिने नीट पाहिला. फोन परत दिला.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "ह्यो कुनी दुसराच हाय."

"तेच आहेत मावशी."

"न्हाई रं. ते हसत हुते."

मी त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. ऊन चांगलं होतं. टेम्पोंची रांग होती, पण कुठल्या चाकाला थर्माकोल टेकवला होता ते ओळखता येईना. सगळी चाकं सारखीच असतात.

परतताना उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडली. मी पुढे काढायचा प्रयत्न केला नाही. घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो, चार शेंगा हातात घेतल्या आणि म्हणालो, "आई, नानांनी नको म्हटलं नव्हतं."

"काय नको म्हटलं नव्हतं?"

"फोटो. काष्टीला. त्यांनी स्वतः मागितला होता. मी म्हणालो, उजेड गेला."

"मग गेला असेल," आई म्हणाली. शेंग तटकन उघडली, दाणे ताटलीत पडले.

"नव्हता गेला. उजेड होता. मला कंटाळा आला म्हणून मी तसं म्हणालो. आणि त्यानंतर मी बैलांचे काढले."

तिचे हात थांबले. मी खाली बघत होतो, त्यामुळे मला फक्त हात दिसत होते. एक टरफल नखात अडकलेलं होतं, ते तिने काढलं नाही.

"मग ते का म्हणाले मला तसं?"

मी हातातली शेंग सोलली. तिलाही उत्तर ठाऊक होतं.

"वर्षभर मी त्यांना बोलले रे," आई म्हणाली. "रोज."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो. पण मला खरंच ठाऊक नाही काय बरं झालं असतं. तिने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. मीही घेतल्या. ताटली भरली. ऊन भिंतीवर चढलं आणि तिथून उतरून गेलं.

मग ती म्हणाली, "दाखव ते बैल."

मी आतून लॅपटॉप आणला. छापायला दिलेला फोटो होता तो नाही उघडला, त्याच्या आधीचा मूळ उघडला, न कापलेला. पांढरी जोडी, धूळ, उजवीकडे थर्माकोलचा कुरतडलेला कोपरा. त्या कोपऱ्याला तपकिरी लोकरी हातमोज्यातली चार बोटं. तर्जनीला मोजा फाटलेला, तिथून नख बाहेर आलेलं.

"हा मोजा मी दोनदा शिवला होता," आई म्हणाली.

बैलांकडे तिने पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून ती पडद्याच्या अगदी जवळ गेली, इतकी की तिच्या डोक्यामुळे मला फोटो दिसेना. तशीच राहिली.

"वर्षश्राद्धाला हा लाव," ती म्हणाली.

"आई, ह्यात फक्त बोटं आहेत."

"असू दे."

"लोक विचारतील बैलांचा का लावला."

"सांगेन मी काय सांगायचं ते." मग ती मागे वळली. "फक्त कापू नकोस."

काल प्रत काढायला दिली. स्टुडिओतल्या माणसाने फोटो उघडला, सवयीने उजवी कड धरली आणि म्हणाला, "सर, हे कुणाचं तरी बोट आलंय. काढून टाकू?"

"नाही," मी म्हणालो. "ते वडील आहेत."